मोजलेली हवा आणि हरवलेली हवा

झोतभट्टीचा जमाखर्च मांडणाऱ्याला एक अडचण पहिल्या दिवसापासून भेडसावते. खनिज, कोक आणि चुनखडी यांची वजने तराजूवर करता येतात. भट्टीतून बाहेर पडणाऱ्या लोखंडाचे वजनही करता येते. परंतु एक टन लोखंडामागे जी साधारणतः दीड टन हवा भट्टीत लोटावी लागते, ती कोणत्याही तराजूत घालता येत नाही. तिचे वजन ती नळातून धावत असतानाच करावे लागते. भिलाई येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. तेव्हापासून त्या गावात हे धावत्या हवेचे वजन करण्याचे काम चालत आले आहे.

याच भिलाईत स्मृतिनगर नावाची वसाहत आहे. तेथील घरांसमोर उभ्या असलेल्या मोटारींपैकी एखादीच्या बॉनेटखालीही हाच व्यवहार लहान प्रमाणावर चालतो. बहुतेक मोटारींचे एंजिन आपल्या दट्ट्यांच्या ओढीने जेवढी हवा आत येईल तेवढीवर भागवते. ज्या एंजिनावर सुपरचार्जर बसविलेला असतो, त्याची गोष्ट निराळी. तेथे एंजिनाच्याच दंडावरून पट्ट्याने फिरणारा एक पंप बाहेरची हवा दाबून सिलिंडरांत भरतो. या पंपाचे घराणे भट्टीचेच आहे, हे थोड्यांना ठाऊक असते. अमेरिकेतील इंडियाना राज्यातील रूट्स बंधूंनी १८६० साली दोन गुंतलेल्या पाळींच्या ज्या पंपाचे एकस्व घेतले, त्याचा प्रारंभीच्या काळात ओतशाळांच्या भट्ट्यांना झोत देण्यासाठी व खाणींना हवा पुरविण्यासाठी उपयोग होत असे. एंजिनात हवा दाबून भरण्याच्या कल्पनेचे एकस्व गॉटलीब डाइमलर याने १८८५ साली घेतले आणि १९२१ साली मर्सिडीझ कंपनीने असा पंप बसविलेल्या मोटारी बर्लिनच्या प्रदर्शनात मांडल्या. तीच कंपनी पुढे पुण्यात गाड्यांची जुळणी करू लागली, तेव्हा पाठीवर ‘कॉम्प्रेसर’ अशी अक्षरे असलेल्या तिच्या गाड्या आपल्याकडच्या रस्त्यांवरही दिसू लागल्या.

हवा मोजावयाची कशासाठी, हे आधी पाहिले पाहिजे. पेट्रोलचा एक भाग पूर्णपणे जळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. आत किती हवा आली हे कळल्यावाचून किती पेट्रोल फवारावे हे नियंत्रकाला, म्हणजे एंजिनाच्या लहानशा संगणकाला, ठरविता येत नाही. आणि येथे हवेचे आकारमान कळून उपयोग नाही. वजनच कळले पाहिजे. भिलाई समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंच आहे. डिसेंबरातल्या पहाटे, तपमान १२ अंश सेंटिग्रेड असताना, तेथील एक घनमीटर हवा सुमारे १.२० किलोग्रॅम भरते. मे महिन्याच्या दुपारी, तपमान ४५ अंशांवर गेले असता, तीच सुमारे १.०७ किलोग्रॅम भरते. म्हणजे गाडी तीच, रस्ता तोच, एंजिनाचे फेरेही तेवढेच. तरी उन्हाळ्यात एंजिनाच्या पोटात दहावा हिस्सा हवा कमी जाते. ज्याला हे ठाऊक नाही तो मे महिन्यातील आकडा पाहून मापक बिघडला असे म्हणेल.

हा मापक म्हणजे गॅरेजात ज्याला ‘एअर-फ्लो सेन्सर’ म्हणतात तो. त्याच्या पूर्वीच्या एका जातीत हवेच्या धक्क्याने उघडणारे एक झापड असे. १९८० नंतरच्या दशकात तापलेल्या तारेची जात प्रचारात आली. नळीत केसासारखी बारीक, सुमारे ०.०७ मिलिमीटर जाडीची प्लॅटिनमची तार ताणलेली असते. तिच्यात विद्युत्‌प्रवाह सोडून ती येणाऱ्या हवेपेक्षा ठराविक अंशांनी अधिक तप्त ठेवली जाते. हवा जितकी अधिक वाहील तितकी ती तारेची उष्णता अधिक हिरावून नेते आणि तार तितकीच तप्त ठेवण्यास तितका अधिक प्रवाह द्यावा लागतो. या प्रवाहावरूनच हवेचे वजन कळते. फुंकर घातली असता गरम चहा लौकर निवतो, त्यातलाच हा प्रकार आहे. बारीक तारेवरून वाहणारी हवा किती उष्णता नेते याचा नियम एल. व्ही. किंग या शास्त्रज्ञाने १९१४ साली मांडला. त्यातील मुख्य गोष्ट अशी की, हवेचा वेग चौपट झाला तरी वेगावर अवलंबून असणारी उष्णता केवळ दुप्पट होते. म्हणून मापकाचा आकडा वरवर जाताना दाटीवाटीने चढतो, आणि भरपूर हवा वाहत असताना व्होल्टमधील लहानशी चूक ग्रॅममध्ये मोठी होऊन बसते. अलीकडच्या गाड्यांत तारेऐवजी पातळ पापुद्रा असतो, तत्त्व तेच.

आता समजा, स्मृतिनगरातील अशा एका सुपरचार्जरवाल्या गाडीने त्रास देण्यास आरंभ केला. सकाळी गाडी सुरू करावी, तर एंजिन जागच्या जागी अडखळत चालते. नागपूरच्या महामार्गावर एखाद्या ट्रकला मागे टाकण्यासाठी पाय दाबावा, तर मागून काळा धूर निघतो, पेट्रोलचा वास येतो आणि ओढ मात्र नेहमीपेक्षा कमी. निदानयंत्र जोडले तर त्यावर हवेच्या मापनासंबंधीचा दोषांक उमटतो. येथवर आल्यावर दहांपैकी नऊ ठिकाणी एकच उपाय होतो: नवा मापक. काही हजार रुपये खर्च होतात, दोषांक पुसला जातो, आणि दोन दिवसांनी तो पुन्हा उगवतो.

हा दोषांक वाचण्यात एक मूलभूत गफलत होते. नियंत्रकाने ‘हवेच्या आकड्याचा मेळ बसत नाही’ एवढेच सांगितलेले असते; मापक खोटा आहे असे त्याने सांगितलेले नसते. साक्षीदाराची जबानी आणि प्रत्यक्ष घटना यांत तफावत दिसली, तर साक्षीदार खोटा असेल, किंवा त्याच्या पाठीमागे काही घडले असेल. मापक आपल्या समोरून गेलेली हवा तेवढी मोजतो. ती पुढे कोठे गेली, वाटेत आणखी कोणती येऊन मिळाली, हे त्याला माहीत नसते.

तेव्हा पहिले काम कागद-पेन्सिलीचे. चार फटक्यांचे एंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा आपल्या आकारमानाएवढी हवा घेते. दोन लिटरचे एंजिन मिनिटाला ६,००० फेरे फिरत असेल तर ते मिनिटाला ६,००० लिटर, म्हणजे सेकंदाला १०० लिटर हवा घेईल. मे महिन्यातील भिलाईत तिचे वजन १०७ ग्रॅम झाले. प्रत्यक्षात सिलिंडर पुरता भरत नाही. नव्वद टक्के भरतो असे धरले तर ९६ ग्रॅम. आता सुपरचार्जरने वातावरणाच्या दीडपट दाब निर्माण केला, तर हा आकडा दीडपट, म्हणजे १४४ व्हावा, असे कोणीही म्हणेल. आणि यंत्रावर १२० दिसले की मापक कमी दाखवतो असा निष्कर्ष काढून मोकळा होईल. परंतु हवा दाबली की तापते. सायकलच्या पंपाचे टोक हाताला चटका देते ते याचमुळे. ४० अंशांची हवा दीडपट दाबली, आणि पंपाची कार्यक्षमता साठ टक्के धरली, तर ती शंभर अंशांच्या वर तापते. तापलेली हवा विरळ होते आणि दीडपट दाबाचा लाभ सव्वापटीवर येतो. ९६ ची सव्वापट १२०. मापकाने खरेच सांगितले होते! पंपाच्या पुढे इंटरकूलर असेल आणि त्याने हवा ६० अंशांपर्यंत निवविली, तर लाभ सुमारे १.४ पटीवर जातो व आकडा १३५ च्या आसपास यावयास हवा. इंटरकूलर धुळीने बुजला आहे काय, हेही या गणिताने कळते, ही जमेची बाजू.

गणित झाल्यावर दुसऱ्या साक्षीदाराला विचारावे. धूर बाहेर सोडणाऱ्या नळीत प्राणवायू मोजणारा एक सेन्सर असतो. जळून उरलेला प्राणवायू पाहून तो नियंत्रकाला कळवितो की, पेट्रोल कमी पडले की जास्त झाले. त्यावरून नियंत्रक पेट्रोलमध्ये जी दुरुस्ती करतो, ती टक्क्यांत निदानयंत्रावर दिसते. या दुरुस्तीचा आकडा अनेक मिस्त्री पाहतच नाहीत, आणि सारे रहस्य तेथेच असते.

वरील गाडीत एंजिन जागच्या जागी चालत असताना दुरुस्ती अधिक दिसली: नियंत्रक पेट्रोल वाढवीत होता. याचा अर्थ, मापकाने सांगितल्यापेक्षा जास्त हवा सिलिंडरात पोचत होती. पाय दाबून पंपाचा दाब चढल्यावर दुरुस्ती उलटून वजा झाली: मापकाने सांगितल्यापेक्षा कमी हवा पोचत होती. एकच मापक एका वेळी कमी आणि दुसऱ्या वेळी जास्त सांगतो, हे पाहून मन गोंधळते. पण पंपाच्या पुढच्या वाटेवर एक भोक आहे अशी कल्पना केली, की दोन्ही गोष्टी एका दमात उलगडतात. या गाडीत थ्रॉटलची झडप पंपाच्या आधी आहे. पाय उचललेला असताना ती जवळजवळ मिटलेली असते, आणि तिच्या पुढच्या साऱ्या वाटेवर वातावरणाहून पुष्कळ कमी दाब असतो. त्या वेळी भोकातून बाहेरची, न मोजलेली हवा आत ओढली जाते. पाय दाबल्यावर त्याच वाटेवर वातावरणाहून अधिक दाब होतो, आणि त्याच भोकातून मोजून झालेली हवा बाहेर निसटते. तिच्या हिशेबाने पेट्रोल मात्र पडून चुकलेले असते. तोच काळा धूर. साध्या एंजिनात, जेथे दाब कधीच वातावरणाच्या वर जात नाही, तेथे भोक नेहमी हवा आत घेते. भोकाने दोन्ही तोंडांनी बोलावे, ही सुपरचार्जरची खास देणगी आहे.

थ्रॉटल पंपाच्या पुढे असलेल्या गाड्यांत मात्र हे लक्षण जसेच्या तसे मिळत नाही. तेथे पंप आणि थ्रॉटल यांमधील रबरी होज सैल झाला तर एंजिन जागच्या जागी निर्वेधपणे चालते आणि पाय दाबल्यावरच धूर येतो. म्हणून तपासणीपूर्वी त्या विशिष्ट गाडीत हवेची वाट कशी गेली आहे, मापक कोठे, झडप कोठे, पंप कोठे, याचे एक चित्र काढून घेणे, हे वेळ वाया घालविण्यासारखे वाटले तरी वेळ वाचविणारे ठरते. या चित्रात बायपास झडप विसरता कामा नये. एंजिनाला जादा हवा नको असते तेव्हा ही झडप पंपाने दाबलेली हवा परत पंपाच्या तोंडाकडे पाठविते. ती मापकाच्या पुढे येऊन मिळाली तर हिशेब बिघडत नाही, कारण ती एकदाच मोजली गेली. परंतु आवाजाच्या हौसेपायी कोणी ती झडप बाहेर उघडी सोडली, तर मोजलेली हवा आकाशात जाते आणि नियंत्रक बिचारा तिच्या नावे पेट्रोल फवारीत राहतो.

भोक शोधण्याची रीत सोपी आहे. एंजिन बंद ठेवून, हवेच्या वाटेचे तोंड बंद करून, आत अल्प दाबाने धूर सोडतात. जेथून वलय निघेल ती जागा. धुराचे यंत्र नसेल तर माफक दाबाची हवा आणि साबणाचे पाणी यांवरही काम भागते. होजच्या क्लॅम्पखाली, इंटरकूलरच्या टोपीच्या सांध्यावर आणि क्रँककेसमधली वाफ परत आणणाऱ्या लहान नळीवर प्रथम पाहावे. तेलाच्या टोपणाची किंवा तेल पाहण्याच्या कांडीची रबरी चकती गेलेली असली, तरीही त्या वाटेने हवा आत शिरते, हे अनुभवी मिस्त्रीसुद्धा विसरतात.

इतके करूनही भोक सापडले नाही तर मग मापकाकडे वळावे. त्याचे विजेचे जोड, भूमीची तार आणि मिळणारे व्होल्ट तपासण्यास पाच मिनिटे लागतात. पावसाळ्यानंतर जोडात हिरवा गंज दिसला तर तेथेच काम संपते. एंजिन बंद आणि चावी चालू असताना, म्हणजे हवा मुळीच वाहत नसताना, अनेक जातींचे मापक सुमारे एक व्होल्ट दाखवितात; तो आकडा पुष्कळ सरकलेला असला तर संशयास जागा आहे. मापकाची तार काढून गाडी चालवून पाहण्याची एक चाल प्रचारात आहे. तार काढल्यावर नियंत्रक अंदाजाने पेट्रोल देतो, आणि गाडी सुधारली तर मापक दोषी, असे मानतात. साध्या एंजिनात ही चाल फार तर दिशाभूल करील. सुपरचार्जर असलेल्या एंजिनात तार काढून पाय दाबणे म्हणजे एंजिनाशी जुगार खेळणे होय.

कारण खरा धोका काळ्या धुराचा नाही. पेट्रोल जास्त झाले तर ते वास, धूर आणि खर्च यांनी आपली दवंडी पिटते. मापक जेव्हा प्रत्यक्षाहून कमी हवा दाखवितो, तेव्हा पेट्रोल कमी पडते आणि मिश्रण विरळ होते. दाबाखाली भरलेले विरळ मिश्रण ठिणगीने सुरू झालेली ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यात आपोआप पेटते. खणखण असा आवाज होतो, आणि तो रेडिओच्या आवाजात सहज बुडून जातो. असे काही काळ चालले तर दट्ट्याचा माथा वितळून त्याला भोक पडते. मापकाच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च तेथे होतो.

मापक कमी दाखवू लागण्याची दोन कारणे नेहमीची आहेत. एक धूळ. गाळणी जुनी असली, किंवा तेल लावलेल्या गाळणीला हात सैल सोडून तेल लावले, की तारेवर थर चढतो. थर हा तारेचे पांघरूण; हवा भरपूर वाहत असली तरी उष्णता पुरेशी निघत नाही. तारेच्या काही मापकांत एंजिन बंद केल्यावर क्षणभर तार सुमारे १,००० अंशांपर्यंत तापवून हा थर जाळून टाकण्याची योजना असे. पापुद्र्याच्या मापकांत ती नसते. या कामासाठी मिळणारा फवाराच वापरावा, बोट किंवा ब्रश लावू नये, दाबाची हवा मारू नये, आणि पुरते वाळल्याशिवाय वीज देऊ नये.

दुसरे कारण हौस. पंप मोठा बसविला म्हणून मापकाची नळीही मोठी बसवितात. ७० मिलिमीटर व्यासाच्या जागी ८० मिलिमीटरची नळी आली, तर तेवढ्याच हवेचा वेग ७७ टक्क्यांवर येतो. तारेला वेग कळतो, नळी बदलल्याचे कळत नाही. नियंत्रकातील कोष्टक जुनेच राहिले, तर बारास एक या प्रमाणात ठेवावयाचे मिश्रण साडेपंधराच्याही वर जाते. उलट नळी तीच ठेवून पंप फार मोठा केला, तर मापक आपल्या शेवटच्या व्होल्टला जाऊन थांबतो आणि त्यापुढची हवा त्याच्या लेखी अस्तित्वातच राहत नाही. आलेखावर आकड्याची रेघ चढत चढत जाऊन एकदम सपाट झाली, की हे ओळखावे.

याशिवाय एक चमत्कारिक दोष असतो. रूट्स जातीच्या पंपाच्या पाळी हवा सलग न ओढता घोटाघोटाने ओढतात. मापक पंपाच्या फार जवळ, किंवा नळीच्या वळणावरच बसविला, तर काही ठराविक फेऱ्यांवर हवा मापकासमोर पुढे-मागे हेलकावते. साध्या तापलेल्या तारेला दिशा कळत नाही. परत फिरलेली हवा ती पुन्हा मोजते, आणि आकडा फुगतो. त्या फेऱ्यांच्या खाली-वर सारे ठीक असते. तापलेल्या पट्टीच्या दोन्ही अंगांना तपमान पाहणारे मापक दिशा ओळखू शकतात. जुन्या गाडीत मात्र मापकाच्या आधी सरळ नळी वाढविणे किंवा मधाच्या पोळ्यासारखी जाळी बसविणे, हाच इलाज.

झोतभट्टीवर हाच प्रश्न शतकाहून अधिक काळ सोडविला जात आहे. तेथे झोताची हवा थंड असतानाच मोजतात आणि नंतर ती तप्त करणाऱ्या स्टोव्हांतून भट्टीकडे नेतात. मापकाच्या पुढे, स्टोव्हांच्या झडपांतून हवा निसटत असेल, तर नोंदीतील झोत आणि भट्टीला मिळालेला झोत यांत अंतर पडते. ते काढण्याची युक्ती सुंदर आहे. भट्टीत नत्रवायू जवळजवळ सर्व हवेबरोबरच येतो आणि रासायनिक क्रियेत फारसा भाग न घेता माथ्यावरील वायूबरोबर बाहेर जातो. म्हणून माथ्यावरील वायूतील नत्रवायूचा हिशेब केला की, आत खरोखर किती हवा आली हे मापकाला न विचारताच कळते. मोटारीच्या धुरातील प्राणवायूचा सेन्सर हा त्याचाच धाकटा भाऊ होय.

स्मृतिनगरच्या त्या गाडीत धूर सोडून पाहिल्यावर वलय निघाले ते इंटरकूलरकडून सिलिंडरांकडे जाणाऱ्या होजच्या खालच्या अंगाने. क्लॅम्प जागेवर दिसत होता, पण रबर त्याखाली कापले गेले होते. नवा होज बसविल्यावर जुना मापक पुन्हा लावण्यात आला. जागच्या जागी सेकंदाला तीन ग्रॅम, दुरुस्ती दोन टक्क्यांच्या आत. महामार्गावर पाय दाबला तेव्हा १३३ ग्रॅम. बाहेरचे तपमान ४३ अंश होते.